मोगऱ्याला पाणी कोण घालून राहिलं?

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या भैयाजी नंदनवारांच्या घरात पाण्याला रिटायरमेंट नव्हती. भैयाजी स्वतः शाळेच्या प्रयोगशाळेतून सुखानं रिटायर झाले, पेन्शन सुरू झाली, दुपारची झोप सुरू झाली. पण त्यांच्या नळातून एकदा खाली उतरलेलं पाणी म्हणजे जन्माचं नोकरीला लागलेलं. तांदूळ धुतलेल्या पाण्यानं भाजी धुवायची, ते पाणी कढीपत्त्याला. कपड्यांचं शेवटचं खळबळलेलं पाणी फरशीला, फरशीचं पाणी गेटासमोर शिंपायला. कूलरची टाकी धुतली की ते पाणी संडासात. नालीपर्यंत पोचणारा थेंब या घरात अजून जन्मायचा होता.

आणि आंघोळीचं पाणी? त्याची तर वेगळीच सोय. मागच्या खोलीत भैयाजींच्या वडिलांचा हातमाग होता. माग केव्हाच मोडीत निघाला, पण विणकरानं पाय सोडून बसायचा जमिनीतला खड्डा तेवढा उरला. भैयाजींनी त्याला सिमेंटचा गिलावा केला, त्यात रेती, कोळसा आणि विटांचे तुकडे भरले, न्हाणीचं पाणी नळीनं त्यात सोडलं आणि कूलरचा जुना पंप लावून ते परसातल्या केळीला पोचवलं.

"माझा बाप या खड्ड्यात पाय सोडून घर चालवत होता," आल्यागेल्याला ते छाती फुगवून सांगत, "आता हाच खड्डा केळी पिकवून राहिला. बोला!"

बोलणार कोण? त्यांची बायको कुसुमावती बोलून बोलून थकली होती. धाकटी सोनिका कॉलेजला जायची घाई सांगून सटकायची. थोरला प्रज्वल मौद्याला नोकरीला, सकाळच्या बसनं जो जाई तो अंधार पडता येई. उरली नवी सून दामिनी, आणि नव्या सुनेनं सासऱ्यासमोर काय बोलायचं!

दामिनीचं माहेर शहरातच, जरीपटक्याला. लग्न होऊन दोन-तीन महिनेच झाले होते. सासर वाईट नव्हतं, उलट चांगलंच होतं. कुसुमावती सुनेला हाताला धरून शिकवायची, सोनिका तर मैत्रीणच झाली. पण पाण्याच्या बाबतीत दामिनीला पहिल्या दिवसापासून धाक. आंघोळीला एक बादली, तीही भैयाजींनी आत रंगानं रेघ मारून ठेवलेली. सासरा सुनेला "पाणी कमी वापर" असं तोंडावर थोडंच म्हणणार? ते केळीजवळ उभे राहून मोठ्यानं म्हणत, "आज केळीले शिकेकाईचा वास लै येऊन राहिला बापा!" आत दामिनी ओल्या केसांनिशी शरमून जायची.

हेही तिनं हसून सोसलं असतं. पण प्रश्न मोगऱ्याचा होता.

दामिनीची आई प्रेमिला गेल्या दसऱ्याच्या सुमारास गेली. घरात लगेच कार्य व्हावं म्हणून वर्षाच्या आत लग्न उरकलं. पाठवणीच्या वेळी वडिलांनी, नत्थूजींनी, गाडीत सामानाबरोबर एक कुंडी ठेवली. आईनं लावलेला मोगरा. आई रोज संध्याकाळी त्याच्या कळ्या खुडायची, ओल्या रुमालात ठेवायची आणि सकाळी केसात माळायची. मोगरा माळल्याशिवाय प्रेमिला भाजी आणायलासुद्धा गेली नाही कधी.

"येत्या अक्षय तृतीयेले तुह्या आईच्या नावाची पहिली घागर भराची आहे," नत्थूजी गाडीच्या खिडकीशी वाकून म्हणाले होते. "त्या घागरीवर याचं एक फूल ठेवू, बेटा. तिले दुसरं काही नाही लागत."

दामिनीनं मान हलवली होती. बस, तेवढंच एक वचन होतं. लोक मुलीला सोनंनाणं देतात आणि त्याचा हिशेब मागतात, या बापानं झाड दिलं आणि एक फूल मागितलं. तेही जमू नये?

पण जमेना. कुंडी सक्करदऱ्याला आली तेव्हा मोगरा कसा तजेलदार होता. भैयाजींनी स्वतः जागा निवडून परसात भिंतीशी ठेवला, वर नारळाच्या शेंड्या पसरल्या, कुंडीला खालीवर न्याहाळलं. आणि मग हात झटकून जाहीर केलं, "शोभेचं झाड आहे. फळ नाही, भाजी नाही. पाण्याच्या पाळीत याचा नंबर शेवटचा."

दामिनीनं कुंडीवरची धूळ पदरानं पुसली.

होळी झाली, पाडवा झाला, ऊन चढलं. नागपूरचं ऊन काय सांगावं! दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. आणि मोगऱ्याची पानं पिवळी पडायला लागली. आधी खालची, मग वरची. शेंडे माना टाकून बसले. कळीचा तर पत्ताच नाही. दामिनीला वाटलं, तहानलंय बिचारं. शेवटच्या नंबराच्या झाडाला पाणी पोचतंय कशाला! केळीची पानं बघा कशी हत्तीच्या कानाएवढी, आणि माझ्या आईचा मोगरा वाळून चालला. तिला सासऱ्याचा असा राग आला, असा राग आला, की सांगायची सोय नाही. रडायचं तरी कुठं? न्हाणीत रडलं तर ते पाणीही केळीलाच जाणार.

मग तिनं नव्या सुनेला जमेल तेवढं बंड केलं. आंघोळीच्या बादलीतून पहिला मग, साबण लागायच्या आधीचा, बाजूला काढून ठेवायचा. दुपारी सगळे कूलर लावून आडवे झाले की परसात जाऊन गुपचूप मोगऱ्याला घालायचा. आंघोळ कोरडीच व्हायची, पण मन शांत व्हायचं. मोगरा मात्र काही ऐकेना. जेवढी ती पाणी घाली तेवढा तो पिवळा पडे.

"पीत काहून नाही रे तू?" ती त्याच्याशी पुटपुटायची. "कोनावर रुसला?"

रामनवमी होऊन गेली. अक्षय तृतीया तोंडावर आली असं दामिनीला वाटायला लागलं. खरं तर अजून अवकाश होता, पण पानं गळताना बघितली की कॅलेंडर जास्तच जोरात पळतं.

त्या दिवशी दुपारी ती नेहमीसारखी मग घेऊन परसात गेली. दोरीवर चादरी वाळत होत्या. तेवढ्यात मागच्या दाराची कडी वाजली. दामिनी झटकन चादरीच्या आड झाली. चोर तो चोर, वर नवी सून.

बाहेर आली सोनिका. हातात प्लास्टिकचा जग. इकडं बघितलं, तिकडं बघितलं आणि मांजरीच्या पावलानं मोगऱ्याजवळ जाऊन जग रिकामा केला. "पी गड्या," ती हळूच म्हणाली, "वहिनीसाठी पी."

दामिनीनं चादर बाजूला सारायला हात घातला. ती पुढं होणार तोच दार पुन्हा करकरलं. सोनिका उडालीच, आणि लपायला आली ती नेमकी त्याच चादरीच्या आड.

"वहिनी! तुमी इथं काय करून राहिल्या?"

"चूप वं!" दामिनीनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

बाहेर आली कुसुमावती. पदराआड गंज, म्हणजे छोटं पातेलं. तांदळाचं धुवण. एरवी या धुवणावर कढीपत्त्याचा हक्क. पण कुसुमावती कढीपत्त्याकडे न बघता सरळ मोगऱ्याकडे गेली, मायेनं धुवण ओतलं, शेंडा कुरवाळला आणि निश्वास टाकला. चादरीमागं दोघी तोंडात पदर आणि ओढणी कोंबून उभ्या. हसू येत होतं आणि रडूही.

आणि मग, बापा रे, मग मागच्या खोलीतून स्वतः भैयाजी आले! बनियन, धोतर, डोक्यावर ओला पंचा आणि हातात तांब्या. कुसुमावतीला पळायला वेळच मिळाला नाही. भैयाजींनाही वळायला वेळ मिळाला नाही. नवरा-बायको कुंडीच्या दोन बाजूंना समोरासमोर उभे, एकाच्या हातात तांब्या, दुसरीच्या हातात गंज.

कुसुमावतीनं पुढं होऊन तांब्यात बोट बुडवलं. पाणी गार. वाळ्याचा वास.

"माठातलं!" तिचा आवाज चढला. "माठातलं पाणी झाडाले? मी परवा पायावर जरा जास्त पाणी घेतलं तर केवढं ऐकवलं होतं मले! आणि तुमी पेयाचं पाणी घालून राहिले?"

"हळू बोल ना वं," भैयाजी काकुळतीला आले. "सूनबाई ऐकन. पोरीच्या मायची आठवण आहे ते झाड. आपल्या घरी येऊन वाळलं तर काय तोंड दाखवू तिच्या बापाले? चारचौघात शेवटचा नंबर म्हणून बसलो, आता कोणत्या तोंडानं..."

चादरीमागं जे फुटलं ते हसू होतं की हुंदका, दामिनीलाही कळलं नाही. तिच्या हातातला मग खाली पडला, ठणठण वाजत थेट भैयाजींच्या पायाशी गेला. चादर बाजूला झाली. चौघं एकमेकांकडे बघत राहिले. सोनिकाच्या हातात जग होताच.

"म्हणजे," कुसुमावती सावकाश म्हणाली, "या मोगऱ्याले एकूण पाणी घालून कोण कोण राहिलं?"

"मी सकाळी आणि दुपारी," भैयाजी पुटपुटले.

"मी रोज दुपारी," सोनिका.

"मीबी," दामिनी मान खाली घालून म्हणाली.

"आणि मी दोन्ही वेळचं धुवण." कुसुमावतीनं कपाळावर हात मारला. "अरे बह्याडांनो! हे तहानेनं नाही मरून राहिलं, हे बुडून मरून राहिलं!"

तिनं वरच्या नारळाच्या शेंड्या ओरबाडून काढल्या. खाली माती कुठली? नुसता चिखल, वर हिरवट शेवाळ. वरून शेंड्या कोरड्या ठणठणीत, म्हणून कुणाला दिसलं नाही. बोट घातलं तर हात मनगटापर्यंत आत गेला. कुसुमावती काटोलची, संत्र्याच्या बागेत वाढलेली. तिनं कुंडी आडवी केली आणि खालून तळ बघितला.

"याच्या बुडाले भोक नाही?"

भैयाजी केळीकडे बघायला लागले.

"अवो, मी तुमच्याशी बोलून राहिली."

"होतं ना भोक," भैयाजी म्हणाले. "मीच सिमेंट लावून बुजवलं. आली त्याच दिवशी. पाणी खालून वाया जाईन म्हणून..."

आता मात्र दामिनीला राहवलं नाही. इतके दिवस ज्या सासऱ्याच्या नावानं मनातल्या मनात बोटं मोडली, तो पंचा डोक्यावर घेऊन गुन्हेगारासारखा उभा होता, आणि हातातला माठाच्या पाण्याचा तांब्या अजून तसाच भरलेला. ती खो खो हसत सुटली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. सोनिका हसली, कुसुमावती हसली, आणि शेवटी भैयाजीही लाजून हसले.

रात्रीच्या जेवणाआधी प्रज्वल मौद्याहून आला. गेट उघडून, कुणाकडे न बघता, सवयीनं सरळ परसात गेला, पिशवीतून अर्धी उरलेली पाण्याची बाटली काढली आणि झाकण फिरवलं.

"थांब!" चौघं एकदम ओरडले.

बिचाऱ्याच्या हातून बाटलीच सुटली.

मोगऱ्याची शुश्रूषा कुसुमावतीनं हातात घेतली. झाड सोडवलं, सडलेली मुळं छाटली, वाकलेल्या फांद्या कापल्या. भैयाजींनी छिन्नी-हातोडीनं स्वतःच लावलेलं सिमेंट फोडलं, आणि "थोडंसंच भोक ठेवू का?" असं विचारल्यावर बायकोनं असं बघितलं की दोन भोकं पाडली. कोरडी माती, थोडी रेती, थोडं शेणखत घालून झाड पुन्हा लावलं. आणि मग कुसुमावतीनं हुकूम सोडला.

"आता याले कोणी पाणी नाही घालाचं. एक थेंबबी नाही."

"पण आई, मरन ना ते!" दामिनी कळवळली.

"नाही मरत. आमच्या काटोलले संत्र्याले काय करतात? बहार पाहिजे असला तर पाणी तोडतात. ताण देतात. पानं गळतात, झाड पाहून शेतकऱ्याले वाटते, मेलं, पण तो हात बांधून बसते. मग ताण सोडला की फुलं येतात." तिनं सुनेकडे बघितलं. "माया करनं सोपं आहे वं. हात आवरनं कठीण."

कठीण म्हणजे किती कठीण! घरातल्या सगळ्यांचे हात शिवशिवायला लागले. सोनिका जग घेऊन परसात जायची आणि मुकाट कढीपत्त्याला घालून परत यायची. प्रज्वल बसमधून उतरतानाच बाटली पिऊन संपवायचा, मोह नको म्हणून. भैयाजी तर दिवसातून दहादा मोगऱ्यासमोर जाऊन उभे राहत, हात पाठीमागं बांधून. "काही बोलते का?" दामिनी विचारी. "गप्प आहे," ते म्हणत, "पण रागावला नाही वाटते." सासरा-सून रोज संध्याकाळी तिथंच दोन घटका बसायला लागले. भैयाजींनी तिला मागाच्या खड्ड्याची सगळी कळ दाखवली. रेती कधी धुवायची, कोळसा कधी बदलायचा, शिकेकाई चालते पण तेलानं खड्डा तुंबतो. हे सगळं ते आता केळीला न सांगता सुनेलाच सांगायला लागले.

आणि दामिनीनंही एक दिवस विचारूनच टाकलं. "बाबा, तुमी पाण्यासाठी एवढा जीव काहून टाकता?"

भैयाजींनी पंच्यानं मान पुसली. "माझी माय सार्वजनिक नळावर उभी राहाची, बेटा. पहाटेपासून. बाप आत माग चालवे आणि ती बाहेर गुंडभर पाण्यासाठी लोकायशी भांडे. तिचं अर्धं आयुष्य त्या लायनीत गेलं. मले पाणी सांडलेलं दिसलं की ती उभी दिसते."

दामिनीनं त्या दिवशी बादली रेघेच्याही खाली भरली. कुणी सांगितलं नव्हतं.

मोगऱ्याची उरलीसुरली पानं गळली. नुसत्या काड्या राहिल्या. दामिनीला रात्री झोप लागेना, पण तिनं हात आवरला. मग एका सकाळी कुसुमावतीनं फांदी नखानं खरवडली. आतून हिरवी. "आता सोडू ताण," ती म्हणाली.

पहिलं पाणी कोणाचं, यावर घरात वाद झाला. भैयाजी माठातला तांब्या घेऊन तयारच. सोनिका म्हणाली माझा जग. दामिनी म्हणाली, "तांदळाचं धुवण द्या. माझी आई तेच घालाची." मग वाद मिटला. दामिनीनं आपल्या हातानं धुवण घातलं, थोडंच. खालच्या दोन भोकांतून चार थेंब गळले. भैयाजींनी ते गळताना बघितलं, तोंड उघडलं, बायकोकडे बघितलं आणि तोंड मिटलं. दुसऱ्या दिवशी कुंडीखाली एक थाळी मात्र आली. थाळीतलं पाणी पुदिन्याला जाऊ लागलं.

कोंब फुटले. पोपटी, चकचकीत. दामिनी रोज उठून आधी तिथं जायची. पण दिवस भराभर चालले होते, कळी काही दिसेना. अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी तिनं आशा सोडली होती. बाजारातून गजरा आणायचं तिनं प्रज्वलला सांगूनही टाकलं.

सणाच्या पहाटे भैयाजींची हाक आली. एवढ्या मोठ्यानं ते कधी नळाची टाकी वाहिली तरी ओरडले नव्हते.

"सूनबाई! दामिनी बेटा! ये लवकर!"

कोवळ्या शेंड्याला एक कळी होती. एकच. पांढरीशुभ्र, टपोरी, घट्ट मिटलेली.

जरीपटक्याला नत्थूजींनी नवी घागर आणून धुवून ठेवली होती. दामिनीनं तिच्यात पाणी भरलं, वर खरबूज ठेवलं, आंबा ठेवला. प्रेमिलाच्या फोटोला नमस्कार केला. मग ओल्या रुमालातून कळी काढून बापाच्या हातावर ठेवली.

"फूल नाही झालं, बाबा. कळीच आहे," ती ओशाळून म्हणाली. "उशीर झाला."

नत्थूजी कळीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती घागरीच्या गळ्याशी, ओल्या कडेला टेकेल अशी ठेवली. "राहू दे. तिले चालते," म्हणाले. पण आवाज पडायचा तो पडलाच. परतीच्या वाटेवर दामिनी गाडीवर प्रज्वलच्या पाठीला डोकं टेकून बसली.

संध्याकाळी सगळे परसात बसले होते. दिवेलागणीची वेळ. दामिनीचा फोन वाजला, तिनं स्पीकर लावला.

"दामिनी," नत्थूजींचा आवाज कापत होता, "बेटा, कळी उमलली. आता, दिवा लावून वळलो आणि पाह्यतो तर उमललेली. घरभर वास येऊन राहिला. मोगरा संध्याकाळीच उमलते, म्हणून तर तुही माय तेव्हाच खुडाची ना कळ्या, मी भुललोच होतो. असं वाटलं की ती मागून चालत गेली."

दामिनीनं फोन तसाच हातात धरून ठेवला. कुसुमावतीनं तिच्या पाठीवर हात ठेवला. भैयाजींनी पंच्यानं डोळे पुसले आणि दिवसभराचं ऊन लागल्याचं निमित्त केलं.

पलीकडून नत्थूजी म्हणाले, "बरं, घागरीतलं पाणी उद्या काय करू? मोरीत ओतू?"

भैयाजी ताठ बसले. त्यांच्या ओठांवर शब्द आलेच होते. पण त्यांच्या आधी दामिनीच बोलली, डोळे पुसत, पण सासूसारख्या ठणठणीत आवाजात.

"मोरीत काहून, बाबा? फेकू नका. आईच्या तुळशीले घाला. पण थोडं थोडं घालजा हं, सगळं एकाच वेळी नाही."